ब्रोमिनखालच्या तीन रेघा

युनिव्हर्सिटीचा तो ईमेल आला तेव्हा तो खोटा असेल असंच आम्हा तिघांनाही वाटलं. त्या वर्षी रोज कुणी ना कुणी फसवायला टपलेलं असायचं. कधी टॅक्स ऑफिसच्या नावाने फोन, कधी पार्सल अडकलंय म्हणून मेसेज. पप्पा माझ्या खांद्यावरून वाकून लॅपटॉपमध्ये बघत म्हणाले, "लिंक दाबू नको. फ्रॉड आहे."

"पप्पा, युनीच्याच पत्त्यावरून आलाय."

"पत्त्याचं काय, कुणीही बनवतो. आणि एवढं गोड कोण लिहितं?"

ईमेल खरंच गोड होता. केमिस्ट्रीच्या परीक्षेतलं माझं एक उत्तर दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या उत्तराशी 'असामान्य रीतीने' जुळतं, असं त्यात लिहिलं होतं. हा आरोप नाही, फक्त एक संभाषण करायचं आहे. सोबत आधाराला मी घरचं कुणी आणू शकते. तोवर या विषयावर इतर विद्यार्थ्यांशी बोलू नये. आणि खाली, मनावर ताण आला तर समुपदेशकाशी बोलायचा नंबर. तो नंबर वाचल्यावर माझी खात्री पटली की ईमेल खरा आहे. फसवणारा माणूस एवढी काळजी करत नाही.

मी नक्कल केली असं ठरलं असतं तर विषयात नापास, आणि तशी नोंद कायमची. मला फार्मसीला जायचं होतं, आणि केमिस्ट्रीवर असा डाग असेल तर ते दार उघडणार नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पप्पा आयटीआय झालेले, भोसरीत ट्रकचं वायरिंग करायचे आणि त्याच कामावर आम्ही इथे परदेशात, डँडेनॉन्गला आलो. आई दहावी. माझं वर्ष बुडालं असतं तर कुणाकडे जायचं, काय विचारायचं, हे सांगणारं आमच्यात कुणीच नव्हतं.

पप्पांनी मला एकदाच विचारलं, "तू बघून लिहिलंस का?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले. पण त्यांनी विचारलं, ते मला लागलं. आणि विचारून झाल्यावर ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, असंही मला वाटलं. कदाचित नसतीलही. त्या दिवसांत मला सगळ्यांच्याच नजरेत काहीतरी दिसत होतं.

खरं तर केमिस्ट्रीवरच माझा आधीपासून विश्वास नव्हता. लॉकडाउनमुळे लॅब बंद. कुणीतरी दुसऱ्याच माणसाचे हातमोजे घातलेले हात व्हिडिओत काचेच्या भांड्यात काहीतरी ओतायचे आणि निरीक्षणं मात्र मी लिहायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. एका व्हिडिओत गुलाबी द्रावण होतं, ते गरम केलं की निळं व्हायचं आणि गार केलं की परत गुलाबी. मधे कुठेतरी ते जांभळट होऊन थांबायचं. आमच्या लेक्चरर बाई म्हणायच्या, "इथे समतोल आहे. थांबल्यासारखं दिसतंय, पण आत दोन्ही बाजूंची क्रिया चालूच आहे. जेवढं इकडून तिकडे जातंय, तेवढंच तिकडून इकडे येतंय." मी व्हिडिओ पॉज करून बघितला. परत चालू करून बघितला. दोन्ही वेळा अगदी सारखाच दिसला. मग चालू आहे हे मी कशावरून मानायचं? समीकरणात दोन उलटसुलट बाण काढायचे असतात. ते मी काढायचे, गणितंही बरोबर सुटायची, पण मनात वाटायचं की ही मंडळी आपल्याला काहीतरी सांगत नाहीयेत.

ऑरगॅनिक सुरू झाल्यावर तर आणखी बाण आले, वाकडे बाण. इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते या बाणांनी दाखवायचं. मला तो बाण कुठून सुरू करायचा तेच कळेना. बाईंना ऑनलाइन, दोनशे काळ्या चौकोनांसमोर विचारायचं धाडस होईना. एका संध्याकाळी पप्पा कामावरून येऊन चहा घेत बसले होते. त्यांना लॉकडाउनमध्येही कामावर जायचं परमिट होतं, ट्रक बंद पडून चालणार नव्हते. मी सहज विचारलं, "पप्पा, करंट कुठून कुठे जातो?"

"प्लसकडून निघतो," ते म्हणाले. "बॅटरीच्या प्लसवरून निघाला, वाटेत दिवा लावला, हॉर्न वाजवला, आणि शेवटी बॉडीला येऊन अर्थिंग झाला. संपलं." माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी पिझ्झाच्या जाहिरातीच्या पाठीमागे काढून दाखवलं. एक तार, आणि तिच्या टोकाला तीन आडव्या रेघा, एकाखाली एक, लहान लहान होत गेलेल्या. "हे अर्थिंगचं चिन्ह. इथे येऊन बसला म्हणायचं."

मला एकदम सगळं समजलं. निदान समजल्यासारखं वाटलं. प्लस कार्बनपासून मायनसकडे बाण काढायचा. आणि शेवटी ब्रोमिन सुटून मायनस होऊन बाजूला जातो, त्याच्याखाली तीन रेघा. इथे येऊन बसला. मी सगळी उदाहरणं अशीच सोडवली. बाण उलटा होता. ते तेव्हा मला सांगायला कुणी नव्हतं.

माझी एक मैत्रीण होती. तिला मी कधी प्रत्यक्ष भेटले नव्हते. ऑनलाइन ट्यूटोरियलमध्ये आम्हाला चारचार जणांच्या खोल्यांत सोडायचे आणि सगळे कॅमेरे बंद करून गप्प बसायचे. एकदा तिनेच माइक चालू केला, "अगं, तू मराठी आहेस ना? आडनावावरून वाटलं." ती टार्निटला राहायची, नवीन घरांच्या वसाहतीत. तिचे आईबाबा दोघंही आयटीत, पुण्याचे. आमच्यामधे अख्खं शहर होतं, आणि तेव्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची परवानगी नव्हती. म्हणून आम्ही व्हिडिओ कॉलवर अभ्यास करायचो. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचे.

परीक्षेच्या आधी तिलाही बाण जमत नव्हते. मी माझी रीत दाखवली.

"आणि या तीन रेघा काय?"

"इथे येऊन बसला असं. अर्थिंग."

"भारी आहे यार! कुणी शिकवलं?"

"पप्पांनी."

"तुझे पप्पा प्रोफेसर आहेत?"

"छे गं. ट्रकचं वायरिंग करतात."

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "कूल." तो क्षण मी नंतर पुष्कळदा आठवून बघितला. नेट अडकलं होतं की ती अडकली होती, मला आजही सांगता येणार नाही.

ईमेल आल्यावर माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. 'दुसरा एक विद्यार्थी' म्हणजे कोण, हे त्यात नव्हतं, पण मी दुसऱ्या कुणाशी बोलतच नव्हते. कोणतं उत्तर, त्यात काय जुळलं, तेही लिहिलं नव्हतं. तिने कॉलवर माझ्या कागदांचे फोटो काढले असतील का? परीक्षेत कागदावर लिहून फोटो अपलोड करायचे होते. माझ्या उत्तराचा फोटो कुठून तिच्या हाती लागला असेल का? मी व्हॉट्सअ‍ॅप उघडून बसायचे. ती ऑनलाइन दिसायची. काही लिहायची नाही. मीही नाही. तिलाही ईमेल आला असेल तर ती नियम पाळत होती. आला नसेल तर ती एवढी गप्प का?

आईच्या मनात काही शंकाच नव्हती. "तीच असणार. सांगते तुला, तीच," ती भाजी निवडत म्हणाली.

"आई, तू तिला बघितलंही नाहीस."

"आवाज ऐकलाय ना. हसते किती! आणि तिचे आईबाप शिकलेले, चार इंग्रजी वाक्यं बोलून सोडवतील तिला. आपल्याकडून कोण बोलणार आहे? तुझे पप्पा?"

"का, मला काय झालं?" पप्पा बाहेरून म्हणाले.

"तुम्ही 'येस बॉस' म्हणाल आणि सही करून याल."

पप्पा हसले, पण ठरल्या दिवशी त्यांनी फोरमनला सांगून उशिरा जायचं ठरवलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. अंगावर कामाचा चमकत्या पट्ट्यांचा केशरी शर्ट. मी त्यांना कॅमेऱ्याच्या बाहेर सरकायला सांगितलं. मग वाटलं, कोपर दिसलं तर म्हणतील कुणीतरी लपून उत्तरं सांगतंय. म्हणून त्यांना परत आत घेतलं. "आत की बाहेर, एक काय ते सांग," ते म्हणाले.

पडद्यावर बाई आल्या. त्यांच्या शेजारच्या चौकोनात ऑफिसचे एक गृहस्थ होते, पण त्यांचा कॅमेरा बंद. फक्त नावाची दोन अक्षरं. मी आयुष्यात दोन अक्षरांना एवढी घाबरले नव्हते. बाईंनी पप्पांना गुड मॉर्निंग म्हटलं. पप्पा उठून उभे राहिले, मग फक्त पोट दिसतंय हे बघून बसले.

बाईंनी पहिला प्रश्न समतोलाचा विचारला. त्या गुलाबी-निळ्या द्रावणाचाच. निळं झालेलं असताना त्यात पाणी ओतलं तर काय होईल?

प्रश्न सोपा होता. म्हणूनच मला तो बरोबर वाटेना. यात काय खोच आहे? मी गप्प राहिले तसं बाई म्हणाल्या, "वेळ घे. नो वरीज." हे इथली माणसं कधी मनापासून म्हणतात आणि कधी नुसतं तोंडदेखलं, ते मला कधीच ओळखता आलेलं नाही.

"गुलाबीकडे जाईल," मी म्हटलं.

"का?"

"निळं होताना पाणी सुटतं. आपण वरून आणखी पाणी घातलं, तर जी क्रिया पाणी वापरून टाकते तिचा जोर वाढतो. ती क्रिया गुलाबीकडे जाते."

त्यांनी मान हलवली. गृहस्थांच्या चौकोनातून टायपिंगचा आवाज आला. मी बरोबर सांगितलं होतं, तरी ते एवढं काय टाइप करत होते कोण जाणे.

मग बाईंनी पडद्यावर माझं उत्तर दाखवलं. शेजारी दुसरं एक उत्तर, नाव काळं केलेलं. अक्षर गोल, मोठं. ब्रोमोइथेनवर हायड्रॉक्साइडची क्रिया. दोन्हीकडे बाण कार्बनपासून सुरू होत होते. आणि दोन्हीकडे, ब्रोमिनखाली, लहान लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघा.

"बाण उलटा काढणारे पुष्कळ असतात," बाई म्हणाल्या. "पण या रेघा मी आजवर एकाही पेपरात बघितलेल्या नाहीत. सहकाऱ्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. आणि या फक्त तुझ्या आणि तिच्या... त्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या पेपरात आहेत."

गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "ही एकमेकांसाठी काही खूण आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा जवळजवळ ओरडलेच, "अरे, हे तर अर्थिंग आहे!"

तेही मराठीत. टायपिंग थांबलं. "ते काय म्हणाले?" गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला संशय मला स्वच्छ ऐकू आला. आता म्हणतील, बापाने परक्या भाषेत उत्तर सांगितलं.

"ते म्हणाले... हे अर्थिंगचं चिन्ह आहे. ते ट्रकचे इलेक्ट्रिशियन आहेत."

पप्पा कॅमेऱ्याजवळ सरकले. "अर्थ, मॅडम. चासी ग्राउंड. करंट कम्स फ्रॉम प्लस, गोज टू बॉडी, फिनिश."

मग मी सगळं सांगितलं. पिझ्झाची जाहिरात, बॅटरी, हॉर्न, इथे येऊन बसला. माझं इंग्रजी मधेमधे तुटत होतं. बाई हसतील असं वाटलं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणून तुझा बाण उलटा आहे." आणि त्यांनी समजावलं की तारेतली करंटची दिशा माणसांनी इलेक्ट्रॉनचा पत्ता लागायच्या आधीच ठरवून टाकली होती. इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात मायनसकडून प्लसकडे जातात. वायरिंगचा हिशोब तरीही बरोबर येतो, पण आमच्या वाकड्या बाणांना खरे इलेक्ट्रॉन दाखवायचे असतात.

मी पप्पांना मराठीत सांगितलं. त्यांनी बाईंकडे संशयाने बघितलं. "असं कसं? इतकी वर्षं माझे दिवे लागतायत ना?"

"काय म्हणतात?"

"ते... विचार करतायत," मी म्हटलं.

तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "तुझ्या वडिलांनी तुला शिकवलं, समजलं. मग दुसऱ्या विद्यार्थ्याकडे हे कसं गेलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ येऊ नये, असंच मला मघापासून वाटत होतं. मी शिकवलं म्हटलं तर ती मिळून केलेली नक्कल ठरेल का? माहीत नाही म्हटलं तर खोटं. ते मला बोलतं करून अडकवतायत का? पप्पांकडे बघितलं. ते मला काही सांगू शकत नव्हते आणि त्यांनी सांगूही नये असं मलाच वाटत होतं.

"मी शिकवलं," मी म्हटलं. "परीक्षेच्या आधी. व्हिडिओ कॉलवर. परीक्षा चालू असताना नाही."

"आधी, हे नक्की?"

"हो."

"कारण आम्हाला असं सांगण्यात आलेलं नाही," ते म्हणाले. बाईंनी आभार मानले आणि पडदा बंद झाला.

पप्पा जोडे घालत म्हणाले, "बाई बरी वाटली. तो न दिसणारा माणूस नाही आवडला मला." आणि कामावर गेले. मला मात्र ते एकच वाक्य खात होतं. म्हणजे ती काहीतरी वेगळं बोलली होती. माझं नाव घेतलं असेल? मीच तिचा पेपर चोरला, असं सांगितलं असेल? पुढचे दिवस मी नीट जेवले नाही. आई ताटात पोळी वाढून नुसती उभी राहायची.

निकाल आला तो एवढाच: परीक्षेआधी मिळून अभ्यास करायला मनाई नाही, माझ्याविरुद्धची चौकशी संपली आहे, उलट्या बाणाचे गुण मात्र कापले आहेत. मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "परत वाच. शेवटी काही बारीक अक्षरात आहे का बघ." नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. व्हिडिओ नाही, नुसता आवाज.

"तू माझं नाव सांगितलंस?"

"त्यांनी नाव विचारलंच नाही. मी शिकवलं, एवढं सांगितलं."

"मी सांगितलं होतं की मी कुणाशीच बोलले नाही. कुठल्यातरी वेबसाइटवर बघितलं म्हटलं. मला परत बोलावलंय."

"पण असं का सांगितलंस तू?"

"बाबा म्हणाले, दुसऱ्या कुणाला मधे आणू नकोस, आणखी अडकशील. आणि..." ती थांबली. या वेळी नेट नव्हतं अडकलं. "आणि मला वाटलं तू माझ्यावर ढकलणार. मला वाटलं तू मला मुद्दाम चुकीचं शिकवलंस."

"मुद्दाम? अगं, मी स्वतः तेच लिहून आले ना!"

"ते मला काय माहीत? मला तुझा पेपर कुठे दिसत होता? तू कशी आहेस ते तरी मला कुठे माहितीये? आपण भेटलोय कधी?"

मला राग यायला हवा होता. पण मीही तिच्याबद्दल नेमकं हेच ठरवलं होतं, फक्त बोलले नव्हते. "खरं सांगून टाक," मी म्हटलं. "ते ऐकून घेतात."

"तुझं ऐकलं," ती म्हणाली. मागून तिच्या आईचा आवाज आला, "ठेव आता तो फोन," आणि तिने ठेवला.

तिने खरं सांगितलं. उलट्या बाणाचे सोडून तिचे बाकी गुण राहिले, आधी खोटं सांगितल्याबद्दल लेखी समज मिळाली. हे मला तिने मेसेजमधून कळवलं, खाली एकही इमोजी न टाकता. मी 'बरं झालं' असं लिहिलं आणि पाठवल्यावर वाटलं, हे तिला कसं लागेल? नंतर आमचं बोलणं बंद झालं नाही, पण कमी झालं. नेमलेलं काम, तारखा, एवढंच. अभ्यासाला कॉल कुणीच केला नाही.

पुढच्या सेमिस्टरला लॅब उघडल्या. मास्क, चष्मा, पांढरा कोट, सगळे सारखेच दिसत होते. एक उंच मुलगी माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली. ती इतकी उंच असेल असं मला स्क्रीनवर कधीच वाटलं नव्हतं.

"इथे कुणी आहे?" तिने विचारलं. आवाजावरून कळलं.

"नाही. ये ना."

व्हिनेगरमधलं आम्ल मोजायचं होतं. उभ्या काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा, खालची कुपी हलवत राहायची आणि फिका गुलाबी रंग आला की त्या थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त झाला की रंग गडद होतो आणि सगळं परत करावं लागतं. तिने कुपी घेतली, मी नळीची चावी. तिने मधेच विचारलं, "पप्पा काय म्हणतात?"

"अजून मानत नाहीत. म्हणतात, बाईंनी एकदा ट्रकची बॅटरी उलटी लावून दाखवावी."

मास्कमागे ती हसली बहुतेक. डोळे बारीक झाले होते. मी चावी हळूच फिरवली.

"थांब, थांब. आला."

"फिका आला की गडद?"

"फिका."

"नक्की?"

तिने कुपी माझ्यापुढे धरली. "तूच बघ."

मी वाकून बघितलं. फिकाच होता. मग ती माझ्या बाजूला आली आणि नळीवरचा आकडा मी वाचून दाखवला तरी तिने स्वतः डोळा रेषेत आणून तो परत वाचला. मी तिला वाचू दिला.